‘न्येमेनकाठी’ची वर्णनं गाळू नका

पोलिश लेखिका एलिझा ओझेश्कोवा (१८४१–१९१०) हिच्या ‘न्येमेनकाठी’ (१८८८), म्हणजे न्येमेन नदीच्या काठी, या कादंबरीबद्दल एक मत फार पसरलं आहे: तीन खंडभर गवत, फुलं आणि नदी, तेवढं गाळलं की साधी प्रेमकथा उरते. हे मत खोडून काढायलाच हवं.

वर्णनं म्हणजे भरताड, असं म्हणतात. पण ओझेश्कोवा न्येमेनकाठच्या (आज बेलारूसमधल्या) ग्रोदनो शहराच्या परिसरात वनस्पती गोळा करायची, वाळवून कागदावर लावायची. गावकरी त्यांना काय म्हणतात, कोणत्या दुखण्यावर वापरतात, हेही टिपून ठेवायची. त्यावर तिने लेखमालाही लिहिली. तिच्या कादंबरीतला निसर्ग या ओळखीतून आला आहे.

आता प्रेमकथा. युस्तिना ही जमीनदारांकडची आश्रित मुलगी, यान हा बोहातिरोविच घराण्यातला स्वतः नांगर धरणारा तरुण. त्यांच्यामध्ये उभा आहे तो रशियन अंमलाविरुद्धचा १८६३चा पोलिश उठाव. रशियन सेन्सॉरमुळे त्याचं नाव घेणं शक्य नव्हतं, म्हणून लेखिकेने तो जागांमध्ये पेरला. नदीपलीकडच्या जंगलात चाळीस बंडखोरांचं एकच थडगं आहे. जमीनदाराचा भाऊ आणि यानचा बाप, दोघेही तिथेच आहेत. यान युस्तिनाला होडीतून तिकडे नेतो. आधीची नदी आणि जंगल ज्याने उडवलं, त्याला हा प्रसंग सहल वाटेल. जमीनदार बेनेडिक्ट चिडका, कंजूष का, हेही मग कळत नाही. उठावानंतर या भागातल्या पोलिश जमीनदारांवर जबर कर बसले आणि १८६५च्या फर्मानाने पोलिश माणसाला तिथे जमीन विकत घेणं बंद झालं. एकदा विकलेली जमीन पोलिश हातात परत येणार नव्हती. म्हणून तो एकेका कुरणासाठी शेजाऱ्यांशी कोर्टात भांडतो. ओझेश्कोवाने हे स्वतः सोसलं होतं: नवऱ्याला हद्दपारी, त्याची जमीन जप्त, पुढे वडिलांकडून आलेली वाडीही तिला विकावी लागली.

ती फक्त खेड्यावरच लिहायची, हे तर सरळ खोटं आहे. ‘मार्ता’ (१८७३) वॉर्सात घडते: तरुण विधवा, पदरी लहान मुलगी, आणि पोट भरेल असं एकही काम नीट न शिकवलेलं. शिकवणी, चित्रकला, भाषांतर, शिवणकाम, सगळीकडे अर्धवट शिक्षण आड येतं. एस्पेरांतो ही कृत्रिम भाषा घडवणाऱ्या झामेनहॉफने हीच कादंबरी त्या भाषेत नेली. ‘मेइर एझोफोविच’ (१८७८) ज्यू वस्तीतल्या तरुणाची गोष्ट आहे. ‘न्येमेनकाठी’ जड वाटत असेल तर ‘मार्ता’ आधी वाचा, पण ‘न्येमेनकाठी’ हातात घेतल्यावर निदान त्या थडग्यापर्यंत एकही पान गाळू नका.