मुलांना उपास शिकवा, फक्त व्हिडिओ आडवा घ्या

पालकहो, यंदाही दशमीच्या रात्री पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर निरोप आलाच. 'संस्कार उपक्रम : उद्या आषाढीनिमित्त मुलांनी कुटुंबासह उपास करावा. विठ्ठल-रखुमाईच्या वेशातला दोन मिनिटांचा व्हिडिओ सकाळी अकरापर्यंत टाकावा. व्हिडिओ आडवा घ्यावा.' उपास कसाही चालेल. तेव्हा पुढच्या वर्षासाठी काही सूचना.

साबुदाणा मूल झोपल्यावरच भिजवा. पांढरं पाणी जाईपर्यंत दोन-तीनदा धुवायचा, मग दाणे जेमतेम बुडतील इतकंच पाणी ठेवायचं, जास्त झालं तर सकाळी लगदा होतो. दाणा चिमटीत दाबून मध्ये कणी लागते का बघायचं, कूट आधीच चोळून ठेवायचं म्हणजे खिचडी मोकळी होते. हे पोराच्या हातून करून घेतलं तर ते शिकेल, आणि शिकलेलं व्हिडिओत दिसत नाही.

साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, हे चुकूनही सांगू नका. पोरगं विचारेल, मग ऋषिमुनी उपासाला काय खायचे?

भगरीचं पीठ सुटंच आणा, दुकानात महिनाभर पडून असेल तर उत्तम. पेठ-सुरगाण्याच्या उतारांवर वरई पिकते, नाशकातच तिची भगर होते, ती अख्खी आणून निवडून, धुऊन, वाळवून घरी दळावी, असं जुनी माणसं सांगतात. पावसाळ्यात पिठाला बुरशी लागते आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी विषबाधेच्या बातम्या येतात. पण निरोपच पावणेदहाला आला, तर दळणार कधी?

मूल पाच वर्षांचं असलं तरी उपास घडवाच. आठ वर्षांच्या आतल्यांना एकादशी नाही, असं धर्मशास्त्र म्हणतं. शाळेचा ग्रुप तसं म्हणत नाही.

मधे भूक लागली तर वेफर्स, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा चिवडा. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण उगाच नाही.

आता मुख्य काम, वेश. रात्री सगळी दुकानं बंद, म्हणून कुणाच्या तरी गॅदरिंगचा पॉलिस्टरचा पितांबर मागून आणा. तो टोचतो, टोचू द्या. मुकुट पुठ्ठ्याचा, हनुवटीखाली इलॅस्टिक, ते दहा मिनिटांत वळ उठवतं. वीट थर्माकोलची, पोर उभं राहिलं की मधोमध मोडते. गोपीचंदन वाळलं की तडकून गळतं, म्हणून काही घरांत कपाळावर चक्क कापडावरचा रंग लावतात. पुरळ दुसऱ्या दिवशी येतं, तोवर व्हिडिओ गेलेला असतो. राहिली तुळशीची माळ. एकादशीला तुळस तोडत नाहीत, सूर्य मावळल्यावरही तोडत नाहीत. मग निरोप वाचून माळ करायची कशी? सोपं आहे, देवाला आवडते म्हणून शेजारच्या बाल्कनीतली तुळस बोडकी करायची! सकाळी पोर उपाशी, खिचडी गार, बाबा मोबाइल धरून, आई मागून 'हात कमरेवर, हात कमरेवर' ओरडतेय. सहाव्या टेकला पोर रडतं आणि विठ्ठलाचं काजळ ओघळतं. घरात एकच माणूस असं, जिने आयुष्यभर दशमीच्या रात्रीपासून द्वादशीच्या पारण्यापर्यंत खरोखर निभावलंय. त्या आजीला 'आई, तुम्ही जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय' असं सांगितलं जातं.

लाज वाटत नाही का हो?

ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून आपल्याच नाशिक शहरातून सिन्नरकडे गेली. चारशेहून जास्त किलोमीटर पायी चालणारी माणसं सातपूरच्या रस्त्यावर होती, तेव्हा तुम्ही मागून हॉर्न वाजवत होतात. पोराला तेव्हा गाडीतून उतरवून दोन पावलं चालवलं असतंत, एखाद्याच्या हातात पाण्याची बाटली द्यायला लावली असतीत, तर या उपक्रमाची गरजच नव्हती. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले. त्याच हक्कासाठी आपल्या काळाराम मंदिरासमोर 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हे सांगायला मुकुट लागत नाही. पोराने एक दिवस स्वतःहून चॉकलेट किंवा मोबाइल सोडला आणि आजीच्या शेजारी बसून हरिपाठ ऐकला, तरी पुरे. त्याचा फोटो काढू नका.

आणि शाळेतल्या बाईंनो, उपक्रम काढायचाच असेल तर आठ दिवस आधी कळवा, वेश आणि व्हिडिओ रद्द करा, आणि मुलांना साबुदाणा भिजवायला लावा. हे जमत नसेल तर दशमीला रात्री पावणेदहाला ग्रुपवर काहीही टाकू नका.