"नवऱ्याचा पगार चालू असला की…" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या आठवड्यात मी "पहिली ऑफर लगेच घेऊ नका" असा लेख टाकला होता, त्याच्याखाली एक प्रतिक्रिया आलीये. नाव लिहिलेलं नाहीये, नुसतं "एक वाचक" एवढंच. तिथंच दोन ओळी लिहायला बसले होते पण ते लांबतच गेलं, म्हणून इथं वेगळं टाकतेय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लेखात मी म्हणलं होतं की नोकरी गेली की घाबरून समोर येईल ती पहिली ऑफर पकडू नये, आणि ते जमायचं असेल तर एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम) सुरू करायच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च आरडी-एफडीत (बँकेतल्या किंवा पोस्टातल्या ठेवीत) बाजूला काढावा. त्यावर या वाचकांचं म्हणणं असं की प्रोफेशनल टॅक्स (पगारातनं कापला जाणारा राज्य सरकारचा कर) मी चुकीचा लिहिलाय, आरडीतला पैसा महागाई खाऊन टाकते त्यापेक्षा सरळ एसआयपी बरी, सोळा हजारावर कंत्राटी काम करणाऱ्यानं सहा महिन्यांचा खर्च साठवायचा कुठून, आणि मग शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देते: "नवऱ्याचा पगार चालू असला की पहिली ऑफर नाकारणं परवडतं ताई, आम्हाला नाही परवडत."

चूक आहे ती आधी मान्य करते. महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० म्हणजे वर्षाला २,४०० असं मी लिहिलं होतं. फेब्रुवारीत ३०० कापतात, त्यामुळं वर्षाचे २,५०० होतात. तुमचं बरोबर. इतकी वर्षं पगारपत्रक करणाऱ्या बाईकडून ही चूक व्हायला नको होती, लेखात दुरुस्त केलीये. त्यातच आता हेही घातलंय की २०२३ पासून महिना २५ हजारापर्यंत पगार असणाऱ्या बायकांना हा टॅक्स लागत नाही, तरी बऱ्याच छोट्या कंपन्यांत अजून कापतात, तेव्हा ज्यांचा कापला जातोय त्यांनी अकाउंट्सला जाऊन विचारा.

आता ते शेवटचं वाक्य.

माझा नवरा काय करतो, किती कमावतो, कधी कमावत होता, यातलं काही त्या लेखात नाही. एक अक्षर नाही. तरी तुम्हाला ते माहीत होतं? लिहिणारी बाई आहे म्हणल्यावर घरात पुरुषाचा पगार येत असणार, ही बाई हौस म्हणून नोकरी करत असणार, नाही जमली तर घरी बसणार, असं धरूनच तुम्ही लिहिलंत. हाच लेख एखाद्या माणसानं लिहिला असता तर "बायकोचा पगार चालू असला की" असं लिहिलं असतं का? आणि वर ताई. आमच्याकडं ताई म्हणलं की पुढचा शब्द जपून काढतात. नवऱ्यानं पण वाचलं, तो म्हणाला सोड, लोक लिहितात. मी सोडत नाहीये, कारण पगार चालू असणं म्हणजे काय आणि बंद होणं म्हणजे काय हे आमच्या घरानं ज्या पद्धतीनं बघितलंय ते मी कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितेच.

२००४ च्या जूनमध्ये मी तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूजला एका व्हेंडर कंपनीत अकाउंट्सला लागले. गाड्यांचे प्रेस पार्ट बनायचे तिथं. नवरा जवळच्याच दुसऱ्या कंपनीत क्वालिटीला. बजाजनगरला भाड्याच्या दोन खोल्या, लेक चार वर्षांची. २००८ साली त्याचा पगार ९,२००, माझा ५,४००. त्या वर्षी दिवाळीनंतर ऑर्डरी कमी व्हायला लागल्या. आधी ओव्हरटाइम बंद, मग आठवड्यातनं तीनच दिवस काम, मग डिसेंबरचा पगार हातात देताना त्याला सांगितलं की उद्यापासून येऊ नका. म्हणजे तुमच्या त्या वाक्यातला नवऱ्याचा पगार आमच्याकडं पहिल्यांदा बंद झाला. तीन महिने घर माझ्या ५,४०० वर चाललं. मार्चमध्ये आमच्याकडची यादी निघाली. फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटचा हिशोब देऊन काढायच्या माणसांची, ती यादी टाइप मीच केली, चौदा नावं, अकरावं माझं. ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) नाही, कारण पाच वर्षं पूर्ण व्हायला तीन महिने कमी.

साठवलेलं काय होतं म्हणाल तर वडिलांनी माझ्या नावानं गावच्या पतसंस्थेत ६० हजार ठेवलेले होते. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळायचे. ती पतसंस्था नेमकी त्याच सुमारास अडकली, रोज सकाळी शटरसमोर माणसं उभी राहायची आणि दुपारी घरी जायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बँकेतल्या ठेवीला विमा असतो, तेव्हा १ लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झालाय, पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. गावात हे अजून कुणी सांगत नाही. आम्हाला ते ६० हजार आजवर पूर्ण मिळालेले नाहीत.

मग सासूबाईंच्या पाटल्या सोनेतारण ठेवल्या. आणि पीएफ काढला. तेव्हा यूएएन (सगळ्या नोकऱ्यांना मिळून एकच पीएफ नंबर) नव्हता, पीएफसाठी फॉर्म १९ आणि पेन्शनच्या पैशांसाठी १० सी भरायचा, त्यावर जुन्या कंपनीची सही आणायची, जिनं काढून टाकलं तिच्याच गेटवर जाऊन उभं राहायचं. पैसे यायला पाच महिने गेले. दहा सी भरून पेन्शनचे पैसे उचलले की तेवढी सर्विस पुसली जाते, त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे ती सर्विस पुढं धरली जाते असा कागद, घेता येतं, हे मला, अकाउंट्समधल्या बाईला, तेव्हा माहीत नव्हतं. पेन्शनला दहा वर्षांची सर्विस लागते. नंतर पगारपत्रक करताना मी अशी माणसं बघितलीत ज्यांनी पंचवीस-पंचवीस वर्षं काम केलं, दर ठेकेदार बदलला की पीएफ आणि पेन्शन दोन्ही काढून घेतलं, आणि अठ्ठावन्नला आल्यावर सर्विस भरली साडेसात वर्षं. म्हणून मी पीएफला हात लावू नका म्हणून इतकी ओरडते. कुठल्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डवरनं नाही.

आता पहिल्या ऑफरचं. एप्रिल २००९ मध्ये नवऱ्याला पुण्याजवळ चाकणला ठेकेदारामार्फत ६,००० ची ऑफर आली. त्यानं त्याच दिवशी हो म्हणलं. नाही म्हणायला आमच्याकडं होतं काय? कॉट बेसिसवर राहिला तो, एका खोलीत आठ जण, दोन शिफ्टचे मिळून एका कॉटवर दोघं. त्याच्याबरोबर त्याच दिवशी काढलेला दुसरा एक मुलगा होता, त्याच खात्यातला, तेवढ्याच पगाराचा. त्याची घरची थोडी शेती होती, धान्य घरचं होतं, तो ऑगस्टपर्यंत थांबला. तोवर गाड्यांचा बाजार परत उठला आणि त्याला वाळूजमध्येच १०,००० वर घेतलं. तो काही माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त हुशार नव्हता. त्याच्याकडं आणखी चार महिने होते, एवढंच.

आणि ही गोष्ट त्या चार महिन्यांत संपत नाही, लेखात मी हेच सांगत होते आणि तुम्ही नेमकं त्यावरनंच उडी मारून पुढं गेलात. आपल्याकडं प्रत्येक इंटरव्ह्यूत एचआर काय विचारतो? लास्ट सॅलरी किती, तीन महिन्यांच्या स्लिपा आणा. कामाची किंमत कुणी काढत नाही, मागच्या स्लिपवर वीस-पंचवीस टक्के टाकतात आणि ऑफर देतात. म्हणजे एकदा ६,००० ची स्लिप हातात आली की पुढचा माणूस ७,५०० देऊन वर उपकार केल्यासारखं बोलतो. नवऱ्याला परत ९,२०० वर यायला २०१२ उजाडलं, आणि तोवर सगळं महाग झालेलं. घाबरून घेतलेली एक ऑफर आम्ही तीन वर्षं फेडली. एफडीला किती टक्के मिळतात यावर माझ्याशी वाद घालू नका, मी ते पैसे व्याजासाठी ठेवायला सांगतच नाहीये, ते टेबलापलीकडच्या माणसाला नाही म्हणता यावं म्हणून आहेत.

महागाई आणि एसआयपीबद्दल मी आधी भरपूर लिहिलंय, परत सगळं लिहीत नाही. फक्त तारखा बघा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारावर गेला होता आणि मार्च २००९ मध्ये, म्हणजे माझी नोकरी गेली त्याच महिन्यात, आठ हजाराच्या आसपास होता. २३ मार्च २०२० ला एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला, दुसऱ्या दिवशी लॉकडाऊन जाहीर झाला. नोकरी आणि बाजार एकाच वेळी पडतात. ज्या दिवशी किराण्याला पैसे लागतात त्या दिवशी तुमच्या फंडाचं युनिट निम्म्यावर आलेलं असतं आणि तेच विकावं लागतं. एसआयपी मी पण करते, पण नंतरची गोष्ट आहे ती.

आता तुम्ही म्हणाल की पुढं काय झालं. आज नवऱ्याचा पगार चालू आहे, हो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०२० च्या जुलैमध्ये माझी नोकरी परत गेली. त्याआधी २२ हजार होते, ऑगस्टमध्ये १४ हजाराची ऑफर आली, मी नाही म्हणाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये २४ वर लागले. त्या सात महिन्यांत नवऱ्याचा पगार चालू होता का? होता, पहिले काही महिने अर्धा. तो घराच्या हप्त्यात आणि लेकीच्या फीमध्ये जायचा. गॅस, किराणा, दूध, सासूबाईंची औषधं हे सगळं पोस्टातल्या आरडीवर चाललं, जी मी २०१३ पासून ३००, ५००, मग १,००० अशी भरत आलेले. म्हणजे नाही म्हणायची ताकद मी स्वतःच्या पगारातनं, सात वर्षं, दर महिन्याला थोडी थोडी विकत घेतली होती. ती कुणी मला लग्नात दिली नव्हती. तुमच्या त्या एका ओळीनं ती सात वर्षं नवऱ्याच्या खात्यात जमा केलीत, त्याचा राग आलाय मला. आवाज चढलाय हे लिहिताना मला कळतंय, चढू दे.

राहिलं सोळा हजाराचं. सोळा हजारातनं सहा महिन्यांचा खर्च साठत नाही हे मला कळत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? लेखात "जमेल तेवढा" असं लिहिलेलं आहे, दुसऱ्या परिच्छेदात, वर जाऊन वाचा. एक महिन्याचा साठला तरी ऑफर घ्यायच्या आधी चार इंटरव्ह्यू जास्त देता येतात. पोस्टाची आरडी १०० रुपयांपासून उघडते. याहून जास्त मी त्यावर काय लिहू, जमत नसेल तर जमत नाही, पण जमत नाही म्हणून सल्लाच चुकीचा होतो का?

एक गोष्ट मात्र लेखात राहून गेली होती. पगार २१ हजारापर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागते, कंत्राटी असला तरी, कामगाराच्या पगारातनं ०.७५ टक्के कापतात. त्या ईएसआयसीत २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेली तर नव्वद दिवसांपर्यंत भत्ता मिळतो, आधी सरासरी पगाराच्या २५ टक्के होता, २०२० मध्ये ५० टक्के केला. किती दिवस काम झालेलं पाहिजे वगैरे अटी आहेत, आयुष्यात एकदाच मिळतो. माझ्याकडनं पगार घेऊन गेलेल्या शेकडो माणसांपैकी हे मागायला आलेला एकही मला आठवत नाही, कारण स्लिपवरचा तो आकडा सगळ्यांना फक्त कपात वाटतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार पण नाही. तुम्ही सोळा हजारावर आहात का, का दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होतात, हे तुमच्या लिहिण्यावरनं कळत नाही. असाल तर स्लिप बघा, ईएसआयसी कापलेली दिसतेय का ते खाली लिहा. कापलेली असेल आणि काम सुटलं असेल तर पुढं कुठं जायचं, कुठला फॉर्म, ते मी सांगेन, नाव न लिहिता विचारलंत तरी.