चौकातली वाहतूक चौकात न जाता कशी सोडवावी

आमच्या रोजच्या वाटेवरील चौकाच्या सिग्नलच्या वेळा नुकत्याच 'संगणकीय मॉडेलच्या आधारे' बदलण्यात आल्या आणि तेव्हापासून हिरवा दिवा दोनदा लागून गेला तरी आमची पाळी येत नाही. मॉडेलमध्ये मात्र ही रांगच नाही, असे तज्ज्ञांनी पडद्यावर सरकणाऱ्या रंगीत चौकोनांच्या साहाय्याने सप्रमाण दाखवले. हे शास्त्र आपणासही अवगत व्हावे, म्हणून काही सूचना सादर करतो.

सुरुवात भारदस्त नावाने करावी. पुढच्या गाडीचे अंतर आणि वेगातील फरक मागच्या चालकाला केव्हा जाणवतो, यावर बेतलेले वीडेमान यांचे १९७४ सालचे मॉडेल सोयीचे पडते. प्रत्यक्षात मोटारीच्या पुढे दोन स्कूटर तिरप्या उभ्या असतात, बगलेत एक तीनचाकी असते आणि आरशाखालून कोणीतरी हँडल घुसवत असतो. यांतले 'पुढचे वाहन' कोणते, असे मॉडेलला विचारून त्याला अडचणीत आणू नये.

दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, असा पीसीयूचा (एक वाहन किती मोटारींइतके धरायचे याचा) गुणक लावून मोकळे व्हावे. हिरवा लागल्यावर पहिली दोन-तीन सेकंदे वाया जातात, असे पुस्तकात असते. चौकात मात्र फटींतून पुढे येऊन थांबारेषेपलीकडे जमलेला दुचाक्यांचा जथा लाल दिव्याचे शेवटचे आकडे बघूनच सुटतो, आणि सर्वाधिक वाहने त्या पहिल्या सेकंदांतच बाहेर पडतात. असा उलटा तक्ता हाती आल्यास मोजणाऱ्या मुलाला रागवावे.

पादचारी मोजू नयेत. त्यांना पीसीयू नसतो.

पिवळ्या दिव्यावर सगळे थांबतात, असे गृहीत धरावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. वाहने मोजणारा माणूस थांबारेषेवर उभा करावा, रांगेच्या शेपटाकडे त्याला फिरकूही देऊ नये. थांबारेषेवरून तेवढीच वाहने जातात जेवढी हिरव्या दिव्यात मावतात; मागे अर्धा किलोमीटर रांग ताटकळत असली तरी ती नोंदीत येत नाही, आणि जे मावले त्यालाच 'मागणी' म्हणता येते. सिग्नलचे आवर्तन, म्हणजे सगळ्या बाजूंचे दिवे एकदा लागून होण्याचा काळ, किती असावे हे सांगणाऱ्या वेबस्टर यांच्या १९५८ सालच्या सूत्रात दर आवर्तनात वाया जाणाऱ्या वेळेच्या दीडपटीत पाच मिळवून, एकातून प्रवाह-गुणोत्तरांची (येणारी वाहने भागिले दिवा सतत हिरवा असता जाऊ शकतील ती वाहने) बेरीज वजा करून येणाऱ्या संख्येने भागायचे असते. वाया जाणारा वेळ १२ सेकंद धरला, तर बेरीज ०.८ असताना सिग्नलचे एक आवर्तन ११५ सेकंदांचे येते, ०.९ असताना २३० सेकंदांचे, आणि बेरीज एकाच्या वर गेली की उत्तर चक्क उणे येते. म्हणजे दिव्यांच्या वेळा बदलून हा चौक सुटणार नाही, हे सूत्र स्वतःच बोंबलून सांगते! पण थांबारेषेवरच मोजल्यामुळे बेरीज एकाच्या वर कधी जातच नाही आणि बिचाऱ्या सूत्राला बोलायची संधीच मिळत नाही. मग मॉडेलमध्ये घातलेले आकडे मॉडेलमधून बाहेर काढायचे, ते मोजणीशी जुळले म्हणून ८५ टक्के ठिकाणी जीईएच (मोजणी आणि मॉडेल यांच्या आकड्यांतील तफावतीचे माप) पाचाच्या आत असल्याचा तक्ता लावायचा आणि त्याला कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल वास्तवाशी जुळवून घेणे, म्हणायचे. जुळणारच की! तुम्हीच घातलेत ना ते? रांगेची लांबी पडताळली का कोणी? थांबून राहण्याचा वेळ?

लोक शिस्त पाळत नाहीत, हे तुमचे उत्तर तयार असते. नाहीच पाळत. मग ते पाळतात असे धरून वेळा कोणी ठरवल्या? लेन आखल्या आहेत म्हणून वाहने लेनमध्ये चालतात, हे कोणत्या चौकात पाहिलेत? १८ मीटर रुंद रस्ता ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर चालीने १५ सेकंद लागतात, आणि तुम्ही पादचाऱ्यांना दिलीत दहा. काठी टेकत निघालेल्या म्हाताऱ्या बाई निम्म्यावर असतानाच आडवी वाहने सुटतात, आणि ती कशी सुटतात हे वर सांगितलेच आहे. हा भागाकार करायला मॉडेल लागत नाही, लाज लागते. गर्दीच्या वेळी लॅपटॉप न घेता या, रांग संपते तिथे उभे राहा आणि आधी मोजा.