रस्त्याला स्वतःचं नाव हवंय? मग हे कराच

रोमजवळच्या व्हिया अप्पियावर गेल्या महिन्यात चालत होतो. आमचा गाइड दर चार पावलांवर एकच वाक्य म्हणायचा, "हा रस्ता अप्पियस क्लॉडियसनं बांधला." मी सहज विचारलं, त्याच्या जोडीला दुसरा सेन्सॉर (जनगणना आणि सरकारी बांधकामं पाहणारा रोमन अधिकारी) होता ना? तो म्हणाला, "ते नाव कुणाच्या लक्षात राहत नाही," आणि छत्री उंच धरून पुढे निघाला. मागे चालणाऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. म्हणून हा सल्ला, ज्यांना लक्षात राहायचंय त्यांच्यासाठी.

सुरुवात जन्मापासून करा. घराणं पॅट्रिशियन, म्हणजे रोमच्या जुन्या उमरावांतलं हवं, मग मोठी पदं घरचीच वाटतात. अप्पियसच्या क्लॉडियस घराण्याचा मूळपुरुष रोमशेजारच्या सॅबाइन मुलखातून आला. परंपरा इ.स.पू. 504 हे साल सांगते. सोबत हजारो आश्रित होते, त्यामुळे त्याला लगेच जमीनही मिळाली आणि मानही. एकटा आला असता तर वेशीवर बसवला असता.

आता महत्त्वाचं: खुर्ची मिळाली की सोडायची नाही. अप्पियस इ.स.पू. 312 मध्ये सेन्सॉर झाला. हे पद एकाच वेळी दोघांकडे असायचं, आणि मुदत कायद्यानं अठरा महिने. त्याचा सहकारी होता गायस प्लॉटियस, प्लेबियन म्हणजे उमराव नसलेल्या घराण्यातला. रोमला पाणी कुठून आणायचं याचा शोध या प्लॉटियसनं घेतला, झरे त्यानंच हुडकले. मुदत संपत आली तेव्हा अप्पियसनं त्याला भासवलं की मीही राजीनामा देतोय. भला माणूस, प्लॉटियसनं पद सोडलं. अप्पियस बसला तसाच! सतरा सबबी सांगत तो रस्ता आणि जलवाहिनी पुरी होईपर्यंत हलला नाही. सुमारे 16 किलोमीटरची, जवळजवळ सगळी जमिनीखालून जाणारी ती जलवाहिनी, तिचं नाव काय पडलं? अक्वा अप्पिया. झरे शोधणाऱ्याचं नाव त्यात नाही. ही हकीकत सांगणारा कुणी ऐरागैरा नव्हे. इ.स. 97 मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी ज्याच्याकडे आली त्या फ्रंटिनसनं ती लिहून ठेवली आहे. म्हणजे चारशे वर्षांनीसुद्धा खात्यातल्या माणसाला ही लबाडी माहीत होती, आणि नाव तरीही तेच. बरं, त्या काळीही कुणी गप्प बसलं नव्हतं. सेम्प्रोनियस नावाच्या ट्रिब्यूननं, म्हणजे प्लेबियनांनी निवडलेल्या त्यांच्या प्रतिनिधीनं, अप्पियसला तुरुंगात टाकण्याचा हुकूम काढला. सहा ट्रिब्यून त्याच्या बाजूनं होते, अप्पियसच्या बाजूनं फक्त तीन. पण अडवायला एकसुद्धा पुरतो, इथे तर तीन होते. अप्पियसचा युक्तिवाद ऐका: मुदतीचा कायदा जुन्या सेन्सॉरांसाठी होता, माझ्यासाठी नाही. असं तोंड वर करून बोलायला पिढ्यान् पिढ्यांची तालीम लागते. याच घराण्यातल्या आणखी एका अप्पियसनं इ.स.पू. 449 मध्ये कायदे लिहिण्यासाठी नेमलेल्या दशाधिकारी मंडळाची मुदत संपल्यावरही उठायचं नाकारलं होतं.

तिजोरी सरकारी वापरा, सिनेटला विचारत बसू नका.

सिनेट चिडलीच तर आंधळे व्हा. अप्पियसला खरंच अंधत्व आलं असं बहुतेक सांगतात, पण एका जुन्या वृत्तान्तात तो सिनेटच्या रोषाला घाबरून आंधळेपणाचं सोंग घेऊन घरी बसला असं आहे.

दगड नंतर बसवले तरी चालतात. इ.स.पू. 296 मध्ये ओगुल्नियस बंधूंनी सावकारांना दंड करून, रोमच्या कपेना वेशीपासून युद्धदेव मार्सच्या देवळापर्यंत या रस्त्यावर दगडी पायवाट केली. पुढे बोव्हिले गावापर्यंतची फरसबंदी गुरं चारणाऱ्यांच्या दंडातून झाली. नाव बदललं? छे.

जनतेवर प्रेम करा, म्हणजे या अप्पियसच्या मुलीसारखं. तिच्या भावानं इ.स.पू. 249 मध्ये सिसिलीतल्या द्रेपानाजवळ रोमचं आरमार बुडवून घेतलं होतं. पुढे खेळांवरून परतताना गर्दीत गाडी अडकली, तेव्हा बाई म्हणाल्या, भाऊ पुन्हा जिवंत व्हावा आणि त्यानं आणखी एक आरमार बुडवावं, म्हणजे गर्दी कमी होईल. दंड झाला. मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की त्या हे मोठ्यानं बोलल्या.

आणि प्लेबियनांचं पद हवं असेल तर दत्तक जा. याच घराण्यातला क्लोडियस इ.स.पू. 59 मध्ये स्वतःपेक्षा वयानं लहान असलेल्या बापाला दत्तक गेला आणि ट्रिब्यून झाला. पुढे इ.स.पू. 52 मध्ये मारला गेला तो याच व्हिया अप्पियावर, बोव्हिलेजवळ.

पुरे झाला उपरोध. गाइड पोटासाठी बोलतो, त्याला सोडा. तुमचं काय? त्या काळ्या दगडांवर उभं राहून तुम्ही फोटो काढता. इ.स.पू. 71 मध्ये बंडखोर गुलामांचा नेता स्पार्टाकस याच्या सहा हजार माणसांना कापुआ ते रोम याच रस्त्याच्या कडेनं क्रूसांवर टांगलं होतं. त्या फोटोखाली तुम्ही काय लिहिता? "काय ते रोमन नेतृत्व!" कसलं नेतृत्व? फसवून मिळवलेलं नाव ते! माती ओढणाऱ्या, खडी फोडणाऱ्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा निदान ज्याचं नाव लिहिलेलं सापडतं ते तरी घ्याल की नाही? गायस प्लॉटियस. एवढं कठीण आहे का हे? बड्या माणसाचं नाव पाठ, घराण्याची वंशावळ पाठ, आणि ज्याच्या पाण्याच्या शोधावर रोम जगलं त्याच्या नावाला "लक्षात राहत नाही"! आणि मी विचारतोय म्हणून मलाच डोळे वटारता? आधी तो फोटो काढा खाली, मग बोलू.