चि. टेस्ट आणि चि. सौ. कां. डमी

टेस्टचा, म्हणजे चाचणीचा, डेटाबेस वेगळा आणि लाइव्हचा, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकांच्या नोंदींचा, वेगळा, हे आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. इंटरव्ह्यूला आलेली पोरं तर विचारायच्या आधीच सांगतात. त्यामुळे माहिती नसते असं अजिबात नाही. भानगड अशी आहे की त्या दोघांच्या मधली भिंत म्हणजे बहुतेक ठिकाणी डॉट एन्व्ह नावाच्या फाईलमधल्या चार-पाच ओळी (कुठला डेटाबेस, पासवर्ड काय), आणि ती फाईल कोणीही कधीही "दोन मिनिटं फक्त बघतो रे" म्हणून बदलू शकतो. ती दोन मिनिटं कधी संपतात ते मी अजून पाहिलेलं नाही.

आमचा एक क्लायंट आहे, डीपी रोडच्या बाजूला मंगल कार्यालय. मालकांना अख्खी गल्ली काका म्हणते म्हणून आम्ही पण काकाच म्हणतो. पूर्वी त्यांचं बुकिंग जाड रजिस्टरमध्ये असायचं, ते पण पेन्सिलीनं, कारण लोक तारखा बदलतात. ते सगळं आम्ही ऑनलाइन केलं. बुकिंग झालं की बिल बनतं आणि आचारी, मांडववाले आणि गुरुजी तिघांना आपोआप एसएमएस जातो. काका खूष. पेन्सिल मात्र त्यांनी टेबलावरून हलवली नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आता या साइटला टेस्ट लिहिल्यात, म्हणजे साइट नीट चालते का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम. साधी टेस्ट असते ती डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे कच्च्या नोंदीत, चालवता येते, काम झालं की रोलबॅक, पाटीवर लिहून ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं. पण बुकिंगची टेस्ट ब्राउझरवाली. म्हणजे ब्राउझर आपला आपण उघडतो, फॉर्म भरतो, बटण दाबतो, आणि सर्व्हरवर ती रिक्वेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत असल्यामुळे इकडून टेस्टनं रोलबॅक करून काही होत नाही, झालेलं कमिट, म्हणजे पक्की नोंद, हे खरंच कमिट असतं. म्हणून टेस्टच्या शेवटी एक ओळ आहे, केलेलं बुकिंग डिलीट कर. शेवटी. टेस्ट मधेच फेल झाली तर त्या ओळीपर्यंत कोणी पोचतच नाही.

तर झालं काय, लाइव्हवरचा एक बग ज्युनियरच्या लॅपटॉपवर काही केल्या दिसेना म्हणून सीनियरनं त्याला लाइव्हची डॉट एन्व्ह पाठवली, व्हॉट्सॲपवर, खाली अंगठा. बग सापडला, सगळ्यांनी चहा घेतला, फाईल तिथंच राहिली, आणि संध्याकाळी त्या पोरानं शहाण्यासारख्या टेस्ट चालवल्या. त्यातली एक टेस्ट बघते की पाहुण्यांची संख्या उणे एक टाकली तर साइट नाही म्हणते का. साइट हो म्हणाली. टेस्ट फेल झाली, म्हणजे टेस्टनं तिचं काम चोख केलं, बग पकडला, आणि बुकिंग तसंच मागे टाकून गेली. त्याच फाईलमध्ये एसएमएस पाठवायची चावी पण लाइव्हची. आणि आपल्याकडे अशा एसएमएसचा मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, मंजूर करून घ्यावा लागतो, ऐनवेळी "हा टेस्ट मेसेज आहे" असं मधे घालायची सोय नाही. त्यामुळे मेसेज गेला तो अगदी खऱ्या लग्नाचा.

सकाळी मला आचाऱ्यांचा फोन.

"साहेब, डिसेंबरच्या लग्नाला पानं उणे एक लिहिलंय."

"हो का."

"म्हणजे मी वाढायचं का त्यांनी मला वाढायचं?"

मी म्हटलं बघतो.

"आणि गोडाला लोरेम इप्सम म्हणलंय. साउथचं आहे का काही? आपल्याकडे त्याला माणूस नाही, बाहेरून आणावा लागेल, जरा आधी सांगत जा."

सिसेरोच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिनची मोडतोड करून जागा भरायला वापरतात तो हा मजकूर, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, श्रीखंड धरा. हे का म्हणालो देव जाणे, कारण त्यांनी ते खरंच वहीत लिहून घेतलं आणि ते खोडायला मला नंतर वेगळा फोन करावा लागला.

काकांचं दुखणं वेगळं. टेस्टमध्ये तारीख आजपासून तीन महिन्यांनी अशी काढलेली असते, आणि ती नेमकी मुहूर्ताची निघाली. सातारा रोडवरची एक चांगली पार्टी काकांनी परत पाठवली होती, का, तर हॉल चि. टेस्ट आणि चि. सौ. कां. डमी यांना दिलेला. "अहो, वधूपित्याच्या नावाला एबीसी लिहिलंय, मी म्हटलं इनिशियल्स असतील," काका म्हणाले, "फोन लावला तर दहा वेळा नऊ. ते पण असो. पण ॲडव्हान्स शून्य आणि तुमच्या सिस्टिमनं तारीख दिली? पुण्यात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ॲडव्हान्स न घेता मुहूर्त देणारं कार्यालय म्हणून गावात नाव झालं तर ते डेटाबेस उडण्यापेक्षा वाईट, हे मलाही कळतं.

बुकिंग डिलीट केलं आणि मला वाटलं सुटलो. मार्च उलटल्यावर काकांच्या सीएंचा फोन, सदाशिव पेठेतून, आवाज अगदी शांत. मधला एक बिल नंबर कुठाय? जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांना क्रमवार नंबर लागतो, तोही १६ अक्षरांच्या आत, आणि आम्ही तो नंबर डेटाबेसच्या ऑटो इन्क्रिमेंटवर, म्हणजे आपोआप एकेक वाढणाऱ्या काउंटरवर, सोडलेला. हा काउंटर असा आहे की रेकॉर्ड डिलीट करा नाहीतर रोलबॅक करा, पुढे गेलेला नंबर मागे येत नाही. मी हे नीट समजावून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सीए म्हणाले, "हे मी ऑफिसरसमोर असंच म्हणू? काउंटर मागे येत नाही?"

आमचे मॅनेजर मात्र निवांत, त्यांचं एकच, बॅकअप आहे ना. आता बॅकअपचं सांगतो. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबवाल्यांकडून ३१ जानेवारी २०१७ ला चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडाली, कमांड थांबवेपर्यंत ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि पाचही त्या रात्री कामाला आल्या नाहीत. शेवटी वाचवलं कोणी, तर स्टेजिंगवर, म्हणजे लाइव्हसारख्याच सरावाच्या साइटवर, काहीतरी करून बघायला एकानं सहा तास आधी हातानं एक कॉपी घेऊन ठेवली होती, त्या कॉपीनं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलंय, माझा तेव्हापासून त्यांच्याबद्दल आदर वाढला. मॅनेजरनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बघ, कॉपी होती ना.

तरी आम्ही स्वस्तात सुटलो. लॅराव्हेल या साइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये रिफ्रेश डेटाबेस म्हणून एक प्रकार आहे, तो टेस्टच्या आधी सगळी टेबलं उडवून नव्यानं बनवतो, आणि ते बरोबरच आहे, टेस्टला कोरी जागा लागते. टेस्ट चालवणाऱ्या पीएचपीयुनिटच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं की टेस्टसाठी दुसरा डेटाबेस घे. पण कोणी मधे कॉन्फिग कॅश करून, म्हणजे सेटिंग्जची तयार प्रत करून, ठेवलं असलं तर ते लिहिलेलं कोणी वाचतच नाही, कॅशमध्ये जो डेटाबेस आहे तोच उडतो. टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, येतात हं सगळ्या. जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कवाले यात शहाणे, त्यांची टेस्ट नावाआधी आपणहून टेस्ट लावून वेगळाच डेटाबेस बनवते. रेल्स या तिसऱ्यानं पण २०१६ च्या पाचव्या व्हर्जनपासून डेटाबेसच्या आतच लिहून ठेवायला सुरुवात केली की हा प्रॉडक्शनचा आहे, उडवायला गेलं की अडवतं.

मग मी हट्टाला पेटलो. लाइव्हचा डेटाबेस आता फक्त ॲपच्या सर्व्हरशी बोलतो, लॅपटॉपवरून पासवर्ड बरोबर टाकला तरी दार उघडत नाही. टेस्टचा युजर वेगळा, त्याला लाइव्हवर शून्य हक्क. आणि टेस्ट सुरू होताना पहिली गोष्ट ही बघते की डेटाबेसच्या नावाच्या शेवटी टेस्ट आहे का, नसेल तर तिथंच बंद. सीनियरला राग आला, त्याला वाटलं मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. नाहीच ठेवत.

काकांना खेळून बघायला वेगळी स्टेजिंग साइट दिली. एसएमएस बंद, पेमेंट बंद, रोज रात्री दोनला सगळं पुसून कोरं. आणि वर लाल पट्टी, ज्युनियरच्या डोक्यातून आलेली आणि मला फार आवडलेली: "येथे बुकिंग केल्यास लग्न होणार नाही. वाद घालू नये."

परवा काकांनी चुकून त्याच साइटची लिंक नात्यातल्या ग्रुपवर टाकली आणि कोथरूडच्या एका गृहस्थांनी मुलीचं लग्न तिथं बुक केलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले, पावती कुठाय म्हणून. मी विचारलं, वरची पट्टी वाचली नाही का? म्हणाले, वाचली की. पण पुण्यातलं कार्यालय म्हटल्यावर दारात असं काहीतरी लिहिलेलं असणारच, म्हणून पुढे गेलो.

मॅनेजर बाहेर आले, सगळं ऐकलं आणि मला विचारलं, स्टेजिंगचा बॅकअप आहे ना?