पाया खचला तर पैसे कोण देतं? त्या व्हायरल मेसेजबद्दल

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: ‘पाया खचला तर म्हाडा फुकट दुरुस्ती करते, उरलेलं विमा कंपनी देते, नाहीतर पंतप्रधान आवास योजना आहेच.’ यावर विसंबून लोक आणखी एक पावसाळा काढतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

म्हाडाचं, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचं, दुरुस्ती मंडळ फक्त उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर लागू असलेल्या) इमारती बघतं: मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या, 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या. मुलुंड-बोरिवलीची सोसायटी कितीही जुनी असली तरी त्यात बसत नाही. बसली तरी सगळं फुकट नाही. दर चौरस मीटरमागे खर्चाला मर्यादा आहे, वरचे पैसे रहिवाशांनी घालायचे.

आवास योजनेचं तर सोडाच. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर असेल, तर अर्ज तिथेच बाद.

विम्याचं अर्धं खरं आहे. ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या प्रमाणित विमा पॉलिसीत जमीन खचणं येतं. पण भराव (टाकलेली माती) दबणं, नवं बांधकाम बसणं, सदोष बांधकाम आणि खोदकामामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. खाडी बुजवून उभ्या राहिलेल्या मुंबईत दावे नेमके तिथेच अडकतात. म्हणून आधी कारण शोधा. तड्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. जिन्यासारखा तिरका, एका टोकाला रुंद तडा पायाकडे बोट दाखवतो. कॉलमवरचा उभा तडा बहुधा गंजलेल्या सळईचा असतो. खात्री मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने कॉलमलगत फुटिंगपर्यंत (कॉलमखालच्या पायापर्यंत) खणून पाहिल्यावरच होते. फुटकी ड्रेनेज लाइन खालची माती वाहून नेत असेल, तर ती न बदलता केलेलं ग्राउटिंग (पोकळीत सिमेंटचं मिश्रण भरणं) पाण्यात जातं.

ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर बिल्डरला लेखी कळवा. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे त्याने 30 दिवसांत, पैसे न घेता दोष दूर करायचा आहे. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

जुन्या सोसायटीचा खरा आधार सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून साठवलेला निधी: आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के. बांधकाम खर्च 10 लाख धरला तर फ्लॅटमागे वर्षाला 2,500 रुपये. 40 फ्लॅटचे 20 वर्षांत 20 लाख, वर व्याज. तो वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव, आर्किटेक्टचा दाखला आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. कमी पडलं तर सोसायटीच्या नावे कर्ज काढता येतं, त्यालाही सभेचा ठराव लागतोच.