टेंपलहोफची बाग सरकारने दिलेली नाही

लेख छान, पण बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावरच्या सामुदायिक बागेचं श्रेय सरकारला दिलंय, ते पटलं नाही. विमानतळ २००८ साली बंद झाला, २०१० मध्ये मैदान लोकांना खुलं झालं आणि २०११ मध्ये आसपासच्या रहिवाशांनी तिथे वाफे थाटले. तेही जमीन न खणता, जुन्या फळ्या ठोकून केलेल्या खोक्यांत माती भरून! सरकारला तर मैदानाच्या कडेने इमारती हव्या होत्या. २०१४ च्या सार्वमतात बर्लिनकरांनी तो बेत उधळला. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली तेव्हा जिथे शहरासाठी पीठ-कोळसा घेऊन विमानं उतरायची, तिथे आज लोक टोमॅटो लावतात. आता घरटंचाईमुळे बांधकामाची मागणी पुन्हा होतेय. ती अगदीच गैरवाजवी नाही, पण लेखात तिचा उल्लेख हवा होता.